‘बुश’ : शब्दसाम्याची भुरळ आणि समीक्षेची जबाबदारी

१

शब्द एक दिसला की त्याचे अर्थही कोठेतरी एकच असले पाहिजेत, हा समज भोळा आहे. शब्द एक आणि अर्थ अनेक दिसले की निश्चित अर्थ नावाची वस्तूच नसते, हा समज विद्वत्तेचा वेश घेतलेला भोळेपणा आहे. मराठीतील शब्दकेंद्री समीक्षा गेली काही दशके या दोन समजांमध्ये हेलकावे खात आली आहे. पहिल्या पक्षाला मूलार्थवाद म्हणता येईल. एखाद्या संज्ञेची व्युत्पत्ती दिली, धातू सांगितला, की तिचा ‘खरा’ अर्थ हाती आला असे हा पक्ष मानतो. नंतर झालेले सर्व वापर त्याला मूळ अर्थाचे विस्तार किंवा विकार वाटतात. दुसऱ्या पक्षाला क्रीडावाद म्हणावे लागेल. झाक देरिदा यांनी १९६६ साली जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात दिलेल्या व्याख्यानातील ‘क्रीडे’ची कल्पना आपल्याकडे पोहोचता पोहोचता एवढी हलकी झाली की, कोणत्याही चिन्हकावरून कोणत्याही चिन्हिताकडे घसरत जाणे म्हणजेच वाचन, असे समीकरण काही शोधनिबंधांत रूढ झाले. याचा दोष देरिदांकडे जात नाही. त्यांचे स्वतःचे वाचन शब्दांच्या इतिहासाविषयी कमालीचे सावध होते. त्यांच्या नावावर चालणारे वाचन बहुधा तसे नसते.

हे दोन्ही पक्ष एकमेकांचे शत्रू असल्याचे मानले जाते. वस्तुतः एका मुद्द्यावर त्यांचे पूर्ण एकमत आहे : शब्दाने प्रत्यक्षात कोणता प्रवास केला, कोणाच्या तोंडून, कोणाविषयी, कोणत्या व्यवहारात, हे तपासण्याची गरज दोघांनाही वाटत नाही. एकाला मूळ पुरते, दुसऱ्याला ध्वनी पुरतो. या एकमताची किंमत काय पडते, हे पाहण्यासाठी एकच शब्द तपासणे पुरेसे आहे. इंग्रजी ‘बुश’ हा शब्द त्यासाठी सोयीचा आहे. कारण तो इंग्रजीत अनेक वस्तूंना लागतो, राष्ट्रकुल साहित्याच्या अभ्यासातून तो मराठी विद्यार्थ्यापुढे येतो आणि मराठीतही तो वेगवेगळ्या वाटांनी शिरलेला आहे.

२

प्रथम मराठीतला ‘बुश’ घ्यावा. गॅरेजात गाडी दुरुस्त करणारा कारागीर ‘बुश गेलेत’ म्हणतो, तेव्हा त्याच्या मनात फिरणारा दांडा आणि त्याभोवतीची घर्षण सोसणारी नळी असते. आधीच्या पिढीतील मध्यमवर्गीय घरात ‘बुश’ हे रेडिओचे नाव होते. ‘बुशशर्ट’ शिंप्याकडे शिवायला टाकला जाई. वर्तमानपत्र वाचणाऱ्याला ‘बुश’ म्हणजे अमेरिकेचे दोन अध्यक्ष, पिता आणि पुत्र. या चारही वापरांत एक गोष्ट समान आहे : त्यांतील एकातही झुडूप नाही. इंग्रजीत ज्याला मूळ अर्थ मानले जाते, तो वनस्पतिवाचक अर्थ मराठीने उसना घेतलाच नाही. त्याची गरज नव्हती, कारण ‘झुडूप’ येथे होतेच. म्हणजे मराठीत फांद्या आल्या आणि बुंधा आला नाही. तरीही फांद्यांचे काही अडले नाही. मूळ अर्थावाचून शब्द निराधार होतो असे मानणाऱ्याने या साध्या वस्तुस्थितीला उत्तर दिले पाहिजे.

बरे, या फांद्या तरी एका बुंध्याच्या आहेत काय? यंत्रातला ‘बुश’ मध्ययुगीन डच भाषेतील ‘बुस’ या शब्दापासून आला असे कोश सांगतात. त्याचा अर्थ पेटी किंवा नळी. ‘ब्लंडरबस’ या जुन्या बंदुकीच्या नावात तोच शब्द दडलेला आहे आणि इंग्रजी ‘बॉक्स’ त्याचा नातलग आहे. झुडूपवाचक ‘बुश’ मात्र जर्मॅनिक कुळातील वेगळा शब्द आहे. गंमत पुढेच आहे. ‘पेटी’वाचक शब्दाचा माग लॅटिनमधून ग्रीकपर्यंत काढला, तर तो ‘पिक्सोस’ या झाडाच्या नावापाशी पोहोचतो. त्याच्या लाकडाच्या डब्या बनत, म्हणून डबीला ते नाव मिळाले. हे झाड स्वतः झुडूपवजाच. येथे मूलार्थवादी टाळी वाजवील : ‘पाहा, अखेर सारे झुडपाशीच आले.’ ही टाळीच त्याच्या पद्धतीचा पराभव आहे. दोन वेगळे शब्द दोन वेगळ्या वाटांनी दोन वेगळ्या वनस्पतींपाशी पोहोचले, हा निव्वळ योगायोग. पण ज्याच्याजवळ ‘मूळ’ याखेरीज दुसरे मापच नाही, त्याला योगायोग आणि नाते यांतील फरक सांगता येत नाही.

क्रीडावाद्याची कसोटी आणखी सोपी आहे. १९९१ साली आखाती युद्ध चालू असताना भारतातील एखाद्या श्रोत्याने बुश रेडिओवर बीबीसी लावून अध्यक्ष बुश यांच्या निर्णयाची बातमी ऐकली असेल. आणि ते प्रसारण लंडनच्या बुश हाऊसमधूनच होत असे. यावरून ‘सत्ता, यंत्र आणि वास्तू यांना एकाच चिन्हकाने वेढले’ असे चटकदार वाक्य लिहिणे सहज शक्य आहे. परंतु रेडिओ कंपनी १९३२ साली निघाली आणि तिचे नाव लंडनच्या शेफर्ड्स बुश या वस्तीवरून आले. बुश हाऊस ही वास्तू आयर्व्हिंग टी. बुश या अमेरिकन व्यावसायिकाच्या नावाची, आणि बीबीसीची परदेशी प्रसारणे तेथून १९४१ ते २०१२ या काळात होत राहिली. अध्यक्षांचे आडनाव त्यांच्या कुळाचे. तीन बुश एका क्षणी एकत्र आले, याहून अधिक त्यात काही नाही. व्यंग्यचित्रकाराने त्यावर विनोद करावा. तो त्याचा हक्क आहे. समीक्षकाने त्यातून सत्तामीमांसा काढली तर तो विनोद समीक्षकावर उलटतो.

या संदर्भात संस्कृत काव्यशास्त्राची आठवण न होणे आश्चर्याचे आहे. अर्थ बदलला की शब्दही बदलला, उच्चार एक असला तरी ते दोन शब्दच, असा सिद्धान्त उद्भटाच्या नावे सांगितला जातो. श्लेषाची चर्चा करताना रुय्यकाने दोन दृष्टान्त वापरले : लाखेने लाकूड चिकटावे तसे दोन शब्द एकमेकांना चिकटलेले असतात, किंवा एका देठाला दोन फळे लागावीत तसे एका शब्दाला दोन अर्थ लागलेले असतात. कोणत्या श्लेषाला कोणता दृष्टान्त लावावा, यावर मम्मट आणि रुय्यक यांचे मत एक नाही. पण हा प्रश्न विचारलाच पाहिजे, यावर दोघांचेही एकमत आहे. आजच्या मराठी समीक्षेने हा प्रश्नच सोडून दिला आहे. तिला लाख आणि देठ सारखेच दिसतात. अध्यक्ष बुश आणि रेडिओ बुश हे लाखेचे प्रकरण. आता ज्या ‘बुश’कडे वळायचे आहे, ते देठाचे.

३

इंग्लंडमधील ‘बुश’ हे एक झुडूप होते : मोजता येणारे, कुंपणाशी वाढणारे, पूर्वी मद्यगृहाच्या दारावर खूण म्हणून टांगले जाणारे. वसाहतीत या शब्दाला निश्चित उपपद लागले आणि ‘अ बुश’ बाजूला पडून ‘द बुश’ पुढे आले. आता तो एका अफाट मुलखाचा वाचक झाला. हा बदल इंग्रजीच्या पोटात आपोआप झालेला नाही. रान या अर्थाचा डच ‘बॉस’ हा शब्द वसाहतींतून इंग्रजीत मिसळल्याने तो घडला असावा, असे कोशकारांचे मत आहे. डचांनी १६५२ मध्ये केप येथे ठाणे घातले. तेथील शिकार आणि कंदमुळे यांवर जगणाऱ्या समूहांना त्यांनी ‘बोस्येसमान’ म्हटले. त्याचे इंग्रजीत ‘बुशमन’ झाले. ज्यांना स्वतःच्या भाषा होत्या, पाणवठ्यांची नावे होती, त्यांची ओळख ‘झुडपातला माणूस’ अशी ठरली. झुडपात जे असते ते शिकारीचे असते. अठराव्या शतकात वसाहतवाल्यांच्या सशस्त्र टोळ्यांनी या माणसांची अक्षरशः शिकार केली. नाव आधी आले की बंदूक, या वादात पडण्याचे कारण नाही. दोघांनी एकमेकांना वाट करून दिली.

विल्हेल्म ब्लीक आणि लूसी लॉइड यांनी १८७०च्या दशकात केपटाऊन येथे खाम भाषकांकडून, त्यांतील काही तर कैदेतून आणलेले होते, कथा-कहाण्या उतरवून घेतल्या. त्या वह्यांची पाने सुमारे १२,००० भरतात. त्यांतील निवड १९११ साली प्रसिद्ध झाली, तेव्हाही मुखपृष्ठावर ‘बुशमन’ हाच शब्द होता. आज पुष्कळदा ‘सान’ म्हटले जाते. पण तेही शेजारच्या पशुपालक खोईखोई लोकांनी बाहेरून दिलेले नाव. जुहोआन्सी, नारो अशी समूहांची आपापली नावे आहेत. दक्षिण आफ्रिकेने २००० साली आपले राष्ट्रीय बोधवाक्य खाम भाषेतून घेतले. तेव्हा ती भाषा बोलणारे कोणी उरले नव्हते.

ऑस्ट्रेलियात १७८८ नंतर हाच शब्द आणखी व्यापक झाला. सिडनीच्या वर्तमानपत्रात १८०५ सालीच ‘बुशरेंजर’ हा शब्द दिसतो. शतकाच्या अखेरीस ‘द बुलेटिन’ या साप्ताहिकाने ‘बुश’ला राष्ट्रीय साहित्याचे अधिष्ठानच दिले. १८९२ मध्ये त्याच पानांवर हेन्री लॉसन आणि बँजो पॅटर्सन यांचा पद्यमय वाद झाला : बुश म्हणजे दुष्काळ, एकाकीपणा आणि ठेचकाळलेली आयुष्ये, की मोकळे आकाश आणि दिलदार सोबती? या वादात कोण जिंकले, याची चर्चा विद्यार्थ्यांकडून दरवर्षी करवून घेतली जाते. वाद कोणत्या खोलीत चालला होता, हे विचारले जात नाही. पॅटर्सन सिडनीत वकिली करीत होते; लॉसन बालपणी तो मुलूख भोगून शहरात आलेले होते. रसेल वॉर्ड यांनी १९५८ मध्ये बुशच्या कष्टकऱ्यांतून राष्ट्रीय वृत्ती घडल्याचे प्रतिपादन केले. त्याला ग्रॅम डेव्हिसन यांनी १९७८ मध्ये उत्तर दिले की, ही प्रतिमा बव्हंशी सिडनीतील भाड्याच्या खोल्यांत राहणाऱ्या लेखक-पत्रकारांनी घडवली. बार्बरा बेंटन यांच्या १९०२ मधील ‘बुश स्टडीज’ या संग्रहात तर बुशमधला सोबतीच बाईच्या जिवावर उठलेला दिसतो. एकाच देशात, एकाच दशकाच्या आसपास, एकच शब्द तीन लेखकांच्या हाती तीन बाजूंनी लढत होता. याला क्रीडा म्हणणे म्हणजे लढाईला नाच म्हणणे होय.

तिघांच्याही बुशमध्ये आणखी एक माणूस होता. लॉसन यांच्या १८९२ मधील ‘द ड्रोव्हर्स वाइफ’ या प्रसिद्ध कथेत एक आदिवासी मनुष्य लाकडांची रास रचून देतो. ती आतून पोकळ असल्याचे नंतर उघड होते, आणि सापाला तिच्यात जागा मिळते. मूळ रहिवासी कथेत येतो तो असा : ज्याच्या भूमीवर कथा घडते तोच तिच्यात फसवा मजूर ठरतो. या कथेवर आदिवासी लेखिका लिआ पर्सेल यांनी लिहिलेले नाटक २०१६ मध्ये रंगमंचावर आले, तेव्हा तो माणूस केंद्रस्थानी आला. ‘बुश’ हा शब्द वस्तीच्या मुलखाला रिकामा ठरवत होता, आणि रिकामा मुलूख कोणाचाच नसतो, हे तत्त्व कायद्यातही मुरलेले होते. ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायपीठाने ते माबो खटल्याच्या निकालात ३ जून १९९२ रोजी नाकारले. वादाला शंभर वर्षे व्हायला तेव्हा काही आठवडेच बाकी होते.

४

आता मराठी अभ्यासकाने या ‘बुश’चे काय करावे? कोशातील पहिला प्रतिशब्द उचलला तर ‘झुडूप’ मिळते. बायबलमध्ये मोशेला जे जळताना दिसले, तेथे ‘झुडूप’ अचूक आहे. कारण तेथे एकच वनस्पती आहे. लॉसनच्या कथेत ते हास्यास्पद होईल. इंग्रजी जे काम उपपदाने करते, ते मराठीत उपपदच नसल्यामुळे शब्दाच्या निवडीनेच करावे लागते. म्हणून येथे भाषांतरकाराची चूक व्याकरणाच्या आड लपू शकत नाही.

दुसरी सवय अधिक प्रतिष्ठित आहे : ‘बुश साहित्य म्हणजे त्यांचे ग्रामीण साहित्य’. हे समीकरण तुलनात्मक अभ्यासाच्या नावाखाली सहज खपते. परंतु मराठी ग्रामीण साहित्याच्या पाठीशी गाव आहे : पांढरी आहे, काळी आहे, वतने आहेत, बलुतेदार आहेत, वेशीबाहेरची वस्ती आहे, त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ मध्ये ज्याला ‘गाव-गाडा’ म्हटले ती सारी यंत्रणा आहे. बुशमध्ये गावच नाही. मैलोगणती अंतरावरची एकेक झोपडी, मेंढ्यांचे कळप आणि हंगामी मजूर यांतून ते जग बनलेले आहे. मराठी ग्रामीण कथेतील माणूस गावाच्या जाचाने गुदमरतो. लॉसनची बाई गाव नसल्यामुळे गुदमरते. या दोन अनुभवांना एकाच संज्ञेत कोंबल्याने दोन्ही साहित्ये कळेनाशी होतात.

मराठीत ‘द बुश’च्या जवळ जाणारा शब्द शोधायचाच, तर तो भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या टापूत आहे : ‘झाडी’. तेथे झाडी म्हणजे चार झाडे नव्हेत. तो मुलूख आहे, त्याची झाडीपट्टी आहे, झाडीबोली आहे, दिवाळीनंतर गावोगाव रंगणारी झाडीपट्टी रंगभूमी आहे. नाव प्रमाणभाषकाच्या तोंडी किंचित तुच्छतेने येत असे; तेच तेथील लोकांनी अभिमानाने स्वतःला लावून घेतले. डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांच्यासारख्या अभ्यासकांनी झाडीबोलीच्या अभ्यासाला आयुष्य दिले; झाडीपट्टी रंगभूमीवरील कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. ‘झाडी’ आणि ‘बुश’ यांची तुलना अर्थपूर्ण होईल ती येथे : बाहेरून पडलेले नाव आतल्यांनी केव्हा आणि कसे ताब्यात घेतले, या प्रश्नावर. मराठीतील तुलनाकारांना पुण्या-मुंबईच्या ग्रंथालयांतून सिडनी सापडते, साकोली सापडत नाही.

‘जंगल’ या शब्दाने तर उलट दिशेचा प्रवास केला आहे. आयुर्वेदातील ‘जांगल’ देश म्हणजे कोरडा, मोकळा, विरळ झाडांचा प्रदेश. दमट आणि दाट तो ‘आनूप’. फ्रान्सिस झिमरमन यांनी १९८२ मधील आपल्या ग्रंथात या अर्थभेदाची सविस्तर मीमांसा केली आहे. भारतीय भाषांत हा शब्द पडीक, लागवडीबाहेरच्या भूमीकडे सरकला. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रजीने तो उचलला आणि त्यात दाट, ओली, हिंस्र अरण्याची प्रतिमा भरली. ‘काँक्रीटचे जंगल’ असे म्हणणारा मराठी लेखक आज आपलाच शब्द इंग्रजीकडून परत घेत असतो. मूलार्थवाद्याने येथे ‘खरा अर्थ कोरडा’ म्हणून निकाल द्यावा काय? तसे केले तर गेल्या दोन शतकांतील सारे मराठी लेखन चुकीचे ठरेल.

५

एवढा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न येथे विचारला जाईल. शब्दांचे अर्थ कोशकारांनी पाहावेत, समीक्षकांनी संहिता पाहावी, ही श्रमविभागणी सोयीची आहे. तिचा पोकळपणा ‘झुडपी जंगल’ या जोडशब्दाने उघडा पाडला आहे. मध्य प्रांताच्या जुन्या महसुली नोंदींतून हा शब्द पूर्व विदर्भात आला. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत जमिनींबरोबर नोंदीही आल्या. नोंद करणाऱ्याच्या लेखी झुडपी जंगल म्हणजे खुरटी झाडोरा असलेली, कामाची नसलेली जमीन : जवळजवळ ‘बुश’च. १२ डिसेंबर १९९६ रोजी गोदावर्मन प्रकरणात भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘वन’ हा शब्द त्याच्या कोशगत अर्थाने घ्यावा, असे सांगितले. तेव्हापासून प्रश्न उभा राहिला : ‘झुडपी जंगल’ यात प्रमाण कोणते, विशेषण की नाम? झुडपी धरले तर ती पडीक जमीन. जंगल धरले तर वन. त्या जमिनींवर घरे होती, शाळा होत्या, शेते होती, दफनभूमी होत्या, वनजीवही होते. २२ मे २०२५ रोजी न्यायालयाने या जमिनी वनजमिनी समजाव्यात असा निकाल दिला आणि १९९६ च्या त्या तारखेपूर्वी वाटप झालेल्या जमिनींसाठी राज्याने केंद्राची मान्यता मागावी, अशी वाट ठेवली. सहा जिल्ह्यांतील सुमारे ८६ हजार हेक्टर जमीन एका जोडशब्दाच्या दोन पदांमध्ये अडकून राहिली होती.

हा निकाल योग्य की अयोग्य, हा येथील मुद्दा नाही. ज्या प्रश्नावर कायदेपंडित, वनाधिकारी आणि ग्रामस्थ दशकानुदशके झगडले, तो प्रश्न शब्दार्थाचा होता. आणि शब्दार्थ हा ज्यांचा व्यवसाय, त्या मराठीच्या अध्यापकांनी आणि समीक्षकांनी त्याकडे ढुंकूनही पाहिले नाही. त्याच काळात चिन्हकाच्या घसरणीवर चर्चासत्रे भरत होती. मूलार्थवाद्याकडे या प्रश्नाला उत्तर नाही, कारण ‘जांगल’चा मूळ अर्थ सांगून शेतकऱ्याची जमीन ठरत नाही. क्रीडावाद्याकडेही नाही, कारण अर्थ अनिश्चित आहे असे सांगितल्याने सातबारा कोरा राहत नाही. तो अनिश्चित अर्थ कोणीतरी, कोणाच्या तरी बाजूने, निश्चित करतोच.

शब्दकेंद्री समीक्षेकडून म्हणून तीन गोष्टींची मागणी केली पाहिजे. समोरचा शब्द एक आहे की एकाच उच्चाराचे अनेक, हे तिने प्रथम ठरवावे. एक असेल तर तो कोणत्या व्यवहारातून, कोणत्या मुलखातून, कोणत्या अर्थाने आला, हे दाखवावे. आणि तो शब्द कोणी कोणाविषयी वापरला, ज्याच्याविषयी वापरला त्याने त्याचे काय केले, हे विचारावे. पहिला प्रश्न टाळला तर रेडिओ आणि राष्ट्राध्यक्ष एका कुळातले होतात. दुसरा टाळला तर लॉसनची बाई झुडपात राहू लागते. तिसरा टाळला तर ‘बुशमन’, ‘जंगली’ आणि ‘रानटी’ हे निरुपद्रवी वर्णनपर शब्द वाटू लागतात. या तीन प्रश्नांची उत्तरे ज्या निबंधात नाहीत, त्याने शब्दावर काही लिहिले असेल. शब्द वाचलेला नाही.